सीमा ओलांडणाऱ्या लहान नदीचं पाणी नेमकं कोणाचं?

२३ एप्रिल २०२५ ला भारताने पाकिस्तानसोबतचा सिंधू पाणीवाटप करार स्थगित केल्याचं जाहीर केलं आणि नदीकरार हा विषय दिल्लीतून थेट पानठेल्यावर आला. आता दुसऱ्या कराराची पाळी आहे. गंगेच्या पाण्याबाबत भारत आणि बांगलादेश यांनी १२ डिसेंबर १९९६ ला केलेला करार ३० वर्षांचा होता. डिसेंबर २०२६ मध्ये त्याची मुदत संपते. पाणी बंद करा, आपलं पाणी आपल्यालाच, खालचे काय करतील ते बघून घेतील, असं सगळं पुन्हा ऐकू येईल. असं बोलणाऱ्या माणसाचा राग खरा असतो. पण नदी दुसऱ्या देशात जाते तेव्हा नक्की काय घडतं, हे त्याला कोणी नीट सांगितलेलं नसतं.

गंगा किंवा सिंधूवरून ते समजायला जड जातं. धरणं भरमसाट, आकडे अवाढव्य. म्हणून इथे एक लहान नदी घेऊ, त्रिपुरा आणि बांगलादेश यांच्या मधली फेनी. सोबतीला आपल्या पेंच, बावनथडी, वैनगंगा, प्राणहिता आहेतच. विदर्भाला परक्या देशाची सीमा लागत नाही, पण मध्यप्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणाची लागते. सीमेवरच्या नदीचं दुखणं भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या माणसाला नव्याने सांगावं लागत नाही.

फेनी कुठून कुठे जाते

त्रिपुराच्या दक्षिण टोकाला साब्रुम नावाचं गाव आहे. एका काठावर साब्रुम आणि पलीकडच्या काठावर बांगलादेशातलं रामगड. मधून फेनी वाहते आणि बऱ्याच अंतरापर्यंत ती स्वतःच दोन देशांची सीमा आहे. पुढे ती पूर्णपणे बांगलादेशात शिरते. त्रिपुरातूनच बेलोनियामार्गे आलेली मुहुरी नदी तिला मिळते आणि दोघी मिळून बंगालच्या उपसागराला जातात. भारत सांगतो की फेनीचा उगम त्रिपुरात आहे. बांगलादेशात अनेक जण म्हणतात, नाही, तो आमच्या खागडाछडीच्या डोंगरात आहे. हा वाद लक्षात ठेवा, पुढे तो कामी येईल.

आपल्याकडे बावनथडीचं बरंचसं असंच आहे. ती शिवनी जिल्ह्याच्या डोंगरातून निघते, मध्यप्रदेश आणि महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते आणि वैनगंगेला मिळते. तुमसर तालुक्यात सितेकसाजवळ तिच्यावर दोन्ही राज्यांचं सामायिक धरण आहे. अशा नदीला एकाच वेळी दोन नाती सांभाळावी लागतात. काही अंतर ती दोघांच्या मधली हद्द असते आणि काही अंतर एकाकडून दुसऱ्याकडे जाणारं पाणी असते. हद्दीचा तंटा वेगळा आणि पाण्याचा तंटा वेगळा. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून आधी हद्दीचं पाहू.

नदीच्या पात्रात रेघ कुठे असते

नदी हद्द असेल तर रेघ काठावर नसते, पात्रात असते. जिथून नावा चालतात अशा मोठ्या नदीत बहुधा सर्वांत खोल धारेची रेषा धरतात. लहान, नाव न चालणाऱ्या नदीत दोन्ही काठांच्या मधली रेषा धरण्याची रीत आहे.

पण नदी जागेवर राहत नाही. दरवर्षी ती एका काठाची माती कातरते आणि दुसऱ्या काठाला रेती टाकते. मग रेघही सरकते का? साधारण मान्य नियम असा, की नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्यासोबत सरकते, पण एखाद्या पुरात तिने अचानक नवं पात्र धरलं तर हद्द जुन्या जागीच राहते. ऐकायला सोपं आहे. जागेवर ते फार अवघड जातं, कारण हळूहळू आणि अचानक यांच्यातला फरक दोन देश आपापल्या सोयीने लावतात.

मुहुरीवर हेच झालं. बेलोनियाजवळ तिने पात्र बदललं, मधे रेतीचं बेट वर आलं आणि त्या सुपीक जमिनीवर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी हक्क सांगितला. तिथे अनेकदा दोन्ही देशांच्या सीमा दलांत गोळीबार झाला. १९७४ च्या भारत-बांगलादेश भूसीमा करारात मुहुरीसाठी वेगळी तरतूद करावी लागली. मोजणीच्या वेळी नदीचा मध्य जिथे असेल तीच कायमची हद्द, मग नदी कुठेही जावो. शिवाय दोघांनी आपापल्या काठाला बांध घालून नदीला आहे त्या पात्रात ठेवायचं. हा करार अमलात यायला २०१५ साल उजाडलं. एका करारापायी ४१ वर्षं!

पाण्याचं गणित धुऱ्यावरच्या नाल्याचं

आता पाण्याकडे वळू. समजा उतारावर दोन वावरं आहेत आणि नाला वरच्या वावरातून खालच्या वावरात जातो. पटवाऱ्याच्या नकाशात मधे धुरा आहे, दोन सातबारे आहेत. नाल्याला मात्र धुरा दिसत नाही. वरच्याने नाल्यात बांध घातला तर खालच्याची विहीर मार्चमध्येच तळ गाठते. वरच्याने ऐन झडीत बांध फोडला तर खालच्याची पराटी वाहून जाते. खालच्याने पाणी तुंबवलं तर ते फुगून वरच्याच्या वावरात शिरतं. देशांच्या नद्यांमध्ये हेच तीन प्रकार घडतात, फक्त दोघांना बसवून समजावणारा गावातला जाणता माणूस तिथे नसतो.

या सगळ्याच्या बुडाशी जे आहे त्याला पाणलोट क्षेत्र म्हणतात. ज्या जमिनीवर पडलेला पाऊस शेवटी एका नदीत येतो, ती सगळी जमीन म्हणजे त्या नदीचं पाणलोट क्षेत्र. ते डोंगर आणि उतार ठरवतात. देशाची सीमा माणसं ठरवतात. त्रिपुरा संस्थानाची जुनी हद्द तर १९४७ च्या फाळणीने दोन देशांची सीमा झाली आणि तिने फेनी, मुहुरी, गोमती या सगळ्या नद्यांचं पाणलोट मधोमध कापलं. डोंगर एका देशात आणि भातखाचरं दुसऱ्या देशात.

वर्षाचं पाणी विचारू नका, महिना विचारा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. लहान नदीचं वर्षभराचं पाणी किती, हा आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. कारण ते पाणी वर्षभर येतच नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत नदी फुगते, तेव्हा कोणालाच तिचं पाणी नको असतं. जानेवारी ते मे या काळात ती बारीक धार होते आणि तेव्हा ती सगळ्यांना हवी असते. गंगेसारख्या मोठ्या नदीला हिमालयातलं बर्फ वितळून उन्हाळ्यात थोडा आधार मिळतो. फेनीला तो नाही, बावनथडीला नाही, पेंचलाही नाही.

गंगा करार याच गोष्टीवर उभा आहे. तो फक्त १ जानेवारी ते ३१ मे या काळापुरता आहे आणि दर दहा दिवसांचा वेगळा हिशेब धरतो. इथे एक शब्द समजून घेऊ: क्युसेक. दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी वाहणं म्हणजे एक क्युसेक. पश्चिम बंगालमधल्या फराक्का बंधाऱ्याला पाणी ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर दोघांना निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशला ३५ हजार आणि उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४० हजार आणि उरलेलं बांगलादेशला. पावसाळ्याबद्दल हे वाटप काही बोलत नाही, कारण पावसाळ्यात वाटायचं काय?

महिना किती महत्त्वाचा, हे नागपूरने २०१९ मध्ये भोगलं आहे. पेंच छिंदवाडा जिल्ह्यातून येते, महाराष्ट्रात शिरते आणि कामठीजवळ कन्हानला मिळते. १९६४ च्या करारानुसार तिच्या पाण्यात मध्यप्रदेशचाही वाटा आहे आणि त्यांनी वरच्या बाजूला चौराईचं धरण बांधलं. २०१८ चा पाऊस तोकडा पडला. वरचं धरण आधी भरणार, हे ओघानेच आलं. खाली तोतलाडोह धरणाने तळ गाठला आणि जुलै २०१९ मध्ये नागपूरला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. पेंचच्या भरवशावर असलेल्या पारशिवनी, रामटेक, मौद्याच्या धानाची काय गत झाली असेल, ते रोवणी खोळंबलेल्या कास्तकाराला विचारावं. वर्षाच्या सरासरीने पाहिलं तर कोणी कोणाचं पाणी पळवलं नव्हतं. हंगामाने पाहिलं तर खालच्याचं वर्ष गेलं होतं.

"एवढ्याशा नदीसाठी करार कशाला?"

ऑक्टोबर २०१९ मध्ये भारत आणि बांगलादेश यांच्यात फेनीबाबत एक समझोता झाला. साब्रुमच्या भूजलात लोहाचं प्रमाण जास्त आहे, म्हणून तिथल्या लोकांना प्यायला फेनीतून १.८२ क्युसेक पाणी उचलू द्यायचं. म्हणजे सेकंदाला सुमारे ५१ लिटर, दिवसाला सुमारे साडेचव्वेचाळीस लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने हे ८० हजार माणसांचं पाणी झालं. देशांच्या हिशेबात हा थेंबच.

तरीही बांगलादेशात संतापाची लाट आली. भारतातून बांगलादेशात जाणाऱ्या तिस्ता नदीचं पाणी देण्याचा करार २०११ पासून अडकलेला आहे, ते आम्हाला मिळत नाही आणि आमच्या फेनीतून मात्र दिलं जातं, असं लोक म्हणाले. भारत काठावर पंप लावून आधीपासूनच पाणी उपसतो, असाही आरोप झाला. ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने या करारांवर टीका करणारी पोस्ट फेसबुकवर टाकली. त्यानंतर त्याच विद्यापीठातल्या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेच्या मुलांनी त्याला वसतिगृहात मारहाण करून ठार केलं. एक तरुण पोरगा गेला. थेंबभर पाण्यावर इतका राग का साचतो? माझ्या मते याचं कारण करारांच्या क्रमात आहे. मोठ्या नदीचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवला की त्याचा राग लहान नदीवर निघतो. भारत आणि बांगलादेशच्या सामायिक नद्या ५४ मानल्या जातात. त्यांपैकी गंगेचा पूर्ण करार आहे, फेनीचा हा छोटा समझोता आणि २०२२ मधला कुशियाराचा १५३ क्युसेकचा. बाकीच्या बहुतेक नद्या तोंडी विश्वासावर वाहतात.

"आपल्या डोंगरातून निघते, तर पाणी आपलंच"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो जुनाही आहे. १८९५ मध्ये अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी मेक्सिकोशी चाललेल्या रिओ ग्रान्दे नदीच्या वादात हेच मत दिलं होतं: आमच्या हद्दीतल्या पाण्याचं आम्ही काहीही करू. गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेनेच ते धरून ठेवलं नाही. १९०६ मध्ये तिने मेक्सिकोला दरवर्षी ठरावीक पाणी देण्याचा करार केला.

फेनीच्या बाबतीत तर या दाव्याचे पायच डळमळीत आहेत. उगम कोणाचा यावरच वाद आहे. "उगम ज्याचा, पाणी त्याचं" हा नियम मानला तर बांगलादेशही तोच नियम आपल्यावर उगारू शकतो. आणि पुढचा विचार करा. भारत काही ठिकाणी वरचा आहे, पण ब्रह्मपुत्रेवर खालचा आहे. तिथे वर चीन बसला आहे. त्रिपुरात आपण जो नियम लावू, तोच अरुणाचलात आपल्याला ऐकून घ्यावा लागेल.

लहान नदीवरचा एक निवाडा इथे फार उपयोगी पडतो. फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरात लानू नावाचं तळं आहे. त्याचं पाणी कॅरोल या छोट्या नदीतून स्पेनमध्ये जातं. फ्रान्सला ते पाणी वीज बनवण्यासाठी दुसरीकडे वळवायचं होतं. तेवढंच पाणी स्पेनच्या सीमेआधी कॅरोलमध्ये परत सोडण्याची त्याची तयारी होती. स्पेन म्हणाला, आमच्या संमतीशिवाय नाही. १९५७ मध्ये लवादाने सांगितलं की वरच्या देशाला दरवेळी खालच्याची परवानगी लागत नाही, पण त्याच्याशी प्रामाणिकपणे बोलावं लागतं आणि त्याच्या हिताचा खरा विचार करावा लागतो. खालच्याला नकाराधिकार नाही आणि वरच्याला मनमानी नाही. मला हा निवाडा अजूनही सर्वांत शहाणा वाटतो.

"मग सरळ अडवून टाकू!"

पाणी अडवायला ते ठेवायला जागा लागते. पावसाळ्यातली नदी अडवायची तर डोंगरात मोठा जलाशय हवा, त्यात गावं, जंगल, शेती बुडणार. गोसीखुर्दच्या बुडीतातल्या माणसाला विचारा, जलाशय म्हणजे काय. आणि धरण भरलं की वरून येणारं पाणी सोडावंच लागतं, शत्रूला असो की मित्राला. जलविद्युतचे कित्येक प्रकल्प तर वाहत्या पाण्यावर चालतात. ते पाणी काही तास धरून ठेवू शकतात, हंगामभर नाही.

म्हणून वरच्याच्या हातातली खरी ताकद पाणी तोडण्यात कमी आणि वेळ बदलण्यात जास्त असते. पेरणीच्या आठवड्यात थोडं धरलं, झडीत एकदम सोडलं, एवढ्यानेही खालच्याचं कंबरडं मोडतं.

खालचाही दरवेळी बिचारा नसतो. गोदावरीवर सिरोंचाजवळ तेलंगणाने मेडीगड्डा बंधारा बांधला, २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तुंबलेलं पाणी मागे सरकून आमची शेतं खातं, अशी सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. जुलै २०२२ च्या पुरात ती तक्रार फार मोठी झाली. इथे बांधणारा खालच्या अंगाचा आणि बुडणारा वरच्या अंगाचा.

"समुद्रात जाणारं पाणी वायाच जातं ना?"

फेनीच्या मुखाजवळ बांगलादेशने १९८० च्या दशकात एक मोठा मातीचा बांध घातला. समुद्राची भरती आत येऊ नये आणि नदीचं गोडं पाणी मागे साठावं, हा त्याचा हेतू. त्या पाण्यावर हिवाळ्यानंतरचं धान होतं. ते त्याला बोरो म्हणतात, आपण उन्हाळी धान म्हणतो. वरून येणारी धार आटली तर या जलाशयात गोडं पाणी कमी होतं आणि खारं पाणी जोर धरतं. नकाशावर पाहणाऱ्याला जे समुद्रात जाणारं पाणी वाटतं, ते मोहाडीच्या शेतकऱ्यासारख्याच एका धानकऱ्याचं पीक असतं.

आपल्या नदीतही उन्हाळ्यातली ती बारीक धार मोकळी नसते. रेतीतल्या टरबूज-डांगराच्या वाड्या, ढिवरांची मासेमारी, गुरांचं पाणी, गावाच्या नळयोजनेची पात्रातली विहीर, सगळं तिच्यावर जगतं. यातलं एकही नाव पाणीवाटपाच्या तक्त्यात येत नाही आणि मला ते फार लागतं.

पाण्याआधी खबर पोचली पाहिजे

ऑगस्ट २०२४ मध्ये त्रिपुरात प्रचंड पाऊस झाला आणि पूर्व बांगलादेशात महापूर आला. फेनी जिल्हा जवळजवळ पाण्याखाली गेला. भारताने गोमतीवरचं डुंबूर धरण मुद्दाम उघडलं, असा समज बांगलादेशात पसरला. २२ ऑगस्टला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने तो फेटाळला. धरण सीमेपासून १२० किलोमीटरहून जास्त वर आहे आणि पूर धरणाखालच्या पाणलोटातल्या पावसाने आला, असं मंत्रालयाने सांगितलं. पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती. २१ ऑगस्टच्या संध्याकाळी पुराने वीज गेली आणि बांगलादेशला पाण्याच्या पातळीची माहिती पाठवण्यात अडचण आली. नेमक्या गरजेच्या वेळी खबर तुटली आणि त्या पोकळीत संशय शिरला.

हे वाचताना भंडाऱ्याच्या माणसाला ऑगस्ट २०२० ची अखेर आठवेल. मध्यप्रदेशात मुसळधार पाऊस झाला, वैनगंगेवरचं संजय सरोवर आणि पेंचवरची धरणं भरून वाहिली, गोसीखुर्दची ३३ दारं उघडली आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. वर्षभरापूर्वी ज्या पेंचमध्ये पाणी नव्हतं, तीच ही पेंच. वरून किती सुटलं आणि ते आपल्या गावात किती वाजता येईल, एवढं वेळेवर कळलं असतं तर निदान गुरं सुटली असती, धान्याची पोती माळ्यावर गेली असती.

राज्यांचं भांडण मिटतं, मग देशांचं का नाही?

राज्यांच्या वर एक घर आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २६२ आणि १९५६ चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा यांनुसार केंद्र सरकार लवाद नेमू शकतं. गोदावरी खोऱ्याचा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला आणि त्याचा निवाडा १९८० मध्ये आला. उशिरा का होईना, आला.

देशांच्या वर असं घर नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९७ मध्ये सीमा ओलांडणाऱ्या नद्यांसाठी एक करारनामा केला. त्यात न्याय्य वापर, दुसऱ्याचं मोठं नुकसान न करणं आणि आगाऊ माहिती देणं ही तत्त्वं आहेत. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला आणि त्यात सामील झालेला नाही. म्हणून आपल्या बाबतीत सगळा भार दोन देशांनी आपसात केलेल्या करारांवर येतो. करार नसेल किंवा त्याची मुदत संपली तर उरतो तो फक्त शेजार.

तेव्हा गंगा कराराच्या बातम्या येतील त्या वेळी कोणाला किती टक्के मिळाले एवढंच पाहू नका. दहा-दहा दिवसांचा हिशेब राहिला का, पाणी कोण मोजणार आणि दोघेही ते मोजमाप मानणार का, फेनी-मुहुरीसारख्या नद्यांना काही जागा मिळाली का, आणि पुराची खबर वीज गेल्यावर कशी पोचणार, हे तपासा. हेच प्रश्न पेंच आणि वैनगंगेबद्दल आपल्या आमदार-खासदारांनाही विचारता येतात. खबरीपुरतं बोलायचं तर केंद्रीय जल आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये 'फ्लडवॉच इंडिया' नावाचं मोफत ॲप काढलं आहे. नदीवरच्या ठिकाणांची पाणीपातळी आणि पुराचा अंदाज त्यात दिसतो. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ते निदान दोघांच्या मोबाईलवर असावं, आणि त्यांतला एक जण रात्री जागा असावा.